खणांचा डबा आणि चुंबकाची ताटली : गिअरबॉक्सच्या कामात वापरल्यानंतर

पुण्यात बोहरी आळीतून घेतलेला पारदर्शक खणांचा डबा आणि चुंबकाची ताटली, दोन्ही पावसाळ्याआधीपासून वापरतोय. जुन्या जिप्सीचा गिअरबॉक्स खोलायचा होता. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना कर्रकन आवाज यायचा, आणि दिवे घाट उतरताना तर दुसरा धड बसायचाच नाही.

ताटली बोल्टांसाठी झकास. गाडीखाली लाथ लागून कलंडली तरी काही सांडत नाही. पण गिअरबॉक्सच्या आतलं काही तिच्यात ठेवू नका. सिंक्रो रिंग (गिअर पडताना घासून वेग जुळवणारी कडी) पितळी, ती चिकटतच नाही. नीडल बेअरिंगच्या सुया आणि छर्रे चिकटतात, पण थोडं चुंबकत्व घेऊन निघतात. मग तेलातला लोखंडी कीस नेमका त्यांच्यावरच जाऊन बसतो.

खरा उपयोग डब्याचा. शाफ्टवरून जे ज्या क्रमानं निघेल ते डावीकडून उजवीकडे मांडत जायचं : सर्कलिप (खाचेत बसणारी, भाग जागेवर धरणारी कडी), वायसर, रिंग, हबच्या चाव्या (रिंगला ढकलणारे छोटे तुकडे), स्प्रिंग. दिसायला सारख्या वस्तूही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. रिंग आपापल्या गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या निमुळत्या भागावर) घासून बसलेली असते. सर्कलिप काही ठिकाणी वेगवेगळ्या जाडीत येतात आणि शाफ्टची मोकळीक त्यावर ठरते. दुसऱ्याची रिंग कोनावर दाबून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला तर फट नावालाच उरली होती, म्हणजे रिंग झिजलेली. तिसऱ्याची चांगली होती, ती जशीच्या तशी परत गेली.

फोर्कचे (गिअर सरकवणाऱ्या दुबेळक्यांचे) दांडे ओढताना स्प्रिंगच्या जोरानं छर्रा उडतो, म्हणून भोकावर फडकं दाबून धरावं. दांड्यांमधल्या इंटरलॉक पिनांना वेगळा खण आणि आत चिठ्ठी. त्या बसवायच्या राहिल्या तर दोन गिअर एकदम पडून बॉक्स जाम होऊ शकतो.

नाना पेठेत स्पेअर आणायला डबाच घेऊन गेलो. काउंटरवरचे काका खूश. "बरं केलंत. लोक मोबाइलवर फोटो दाखवतात, जाडी विचारली की गप्प!" (गिअरचं तेल घेताना जीएल-४ दर्जाचंच मागा, जीएल-५ मधली काही गंधकयुक्त द्रव्यं पितळ खातात.)

आता तक्रारी. खणांचे पडदे सरकते आहेत आणि बुडाशी केसाएवढी फट राहते. डबा तिरका झाला की पातळ शिम (मोकळीक भरून काढणारी चकती) त्या फटीतून गुपचूप शेजारच्या खणात जातो. म्हणजे ज्या कामासाठी डबा घेतला तिथंच लबाडी! ग्लू गननं सगळे पडदे बुडाशी चिकटवून टाकले, तेव्हा हा प्रकार थांबला. पेट्रोलनं धुतलेले भाग ओलेच ठेवले त्या खणाचं प्लास्टिक पांढुरकं पडून बारीक चिरा गेल्या, त्यामुळे आधी पुसून, वाळवून मगच आत. झाकणाची एक क्लिप तुटली, तिथं सध्या रबर आहे.

पडदे साच्यातच ओतलेले डबेही मिळतात. खण कमी, किंमत थोडी जास्त. कार्ब्युरेटर खोलायचाय, त्यासाठी तसलाच आणणार आहे.