कथेची मोहीम की मिनिएचरची फौज?

यवतमाळकडच्या आमच्या गावात दोन्ही खेळून झाले. मोहीम म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन बैठकीमागून बैठक पुढं नेलेली कथा; मिनिएचर म्हणजे छोटे सैनिक रंगवून त्यांच्या फौजा टेबलावर लढवणं. मोहिमेचा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला तोच युद्धखेळांच्या पोटातून, म्हणजे ही सख्खी भावंडं. स्वभाव मात्र वेगळे.

मोहिमेला वही, पेन्सिल आणि फासे पुरतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. लाईट गेली तरी ओसरीवर कंदील लावून खेळ चालतो; वीस बाजूंचा फासा ताटलीत खणखणला की सगळे पुढं वाकतात. लहानपणी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, पाहिलेल्या पोरांना सोंग घ्यायला शिकवावं लागत नाही. अडचण सोयाबीन काढणीची. महिनाभर कोणी येत नाही, कथेचा धागा सुटतो. म्हणून मी प्रत्येक बैठकीनंतर अर्धं पान लिहून ठेवतो.

मिनिएचरला दोघं जमले तरी डाव पुरा होतो. पण फौज महाग, आणि मे महिन्यात अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. ओल्या स्पंजवर बटर पेपर टाकून त्यावर रंग घेतला, की बराच वेळ ओला राहतो. रणभूमी तर शेतातच मिळते: वाळलेल्या पऱ्हाटीचे तुकडे २८ मिलिमीटरच्या सैनिकांमागं रोवले की हुबेहूब जळालेलं जंगल!

नवख्यांना मी मोहीमच सुचवीन. फौज घ्यायचीच असेल तर दोघांत मिळून छोटीशी घ्या, आणि आधी पाच सैनिक रंगवून बघा.