एमपीएच की एपिडेमिऑलॉजीत एमएससी: दोन्ही वर्गांत बसलेल्याचं मत

एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) आणि एपिडेमिऑलॉजीतली (रोग लोकांत कसे आणि का पसरतात या शास्त्रातली) एमएससी, दोन्हीकडे प्रवेश मिळू शकतो, पण कुठलं घ्यावं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय आणि एपिडेमिऑलॉजी कशाशी खातात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. क्रमवारी, फी, वसतिगृह यांवर काही बोलणार नाही, ते सगळं माहितीपत्रकात असतं.

मी जिथे शिकलो तिथे पहिल्या सेमिस्टरला दोन्हीकडचे कोर्स घेता यायचे आणि त्यानंतर बाजू निवडायची होती. त्यामुळे एमपीएचच्या वर्गातही बसलो आणि एमएससीच्याही. शेवटी एमएससीकडे गेलो. का गेलो त्याकडे येतोच, पण आधी दोन्हींतला फरक सांगतो. माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीवरून तो कळत नाही. यादी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच दिसते: बायोस्टॅट (आरोग्याची संख्याशास्त्र), एपिडेमिऑलॉजी, पर्यावरण, धोरण. फरक आहे तो तोच विषय कसा शिकवतात यात.

एकोणिसाव्या शतकातला लंडनचा डॉक्टर जॉन स्नो घ्या. या क्षेत्रात स्नोशिवाय पहिला आठवडा जात नाही. एमपीएचच्या वर्गात आम्ही 1854 चा लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप घेतला, ज्याच्या पाण्यातून कॉलरा पसरतोय असं स्नोचं म्हणणं होतं. चर्चा काय झाली? कॉलरा पाण्यातून पसरतो हे तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं, तरी पॅरिशच्या (स्थानिक प्रशासनाच्या) मंडळाने स्नोचं ऐकून पंपाचा दांडा काढला, तो कसा? पुरावा अर्धवट असताना निर्णय घ्यायचा की थांबायचं? दांडा काढला तेव्हा साथ तशीही ओसरू लागली होती, मग श्रेय कुणाचं? तासभर उत्तम वाद रंगला. बाहेर पडताना डोक्यात बरंच काही घोळत होतं.

त्याच आठवड्यात एमएससीच्या वर्गात स्नोच आला, पण पंप नाही, तक्ता. लंडनला पाणी पुरवणाऱ्या दोन कंपन्या, साउथवर्क अँड वॉक्सहॉल आणि लॅम्बेथ. दोघींच्या नळवाहिन्या कित्येक ठिकाणी एकाच रस्त्यातून गेलेल्या, शेजारशेजारच्या घरांना वेगळं पाणी. लॅम्बेथने 1852 मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीच्या पलीकडे हलवलेलं. स्नोच्या तक्त्यात पहिल्या कंपनीची 40,046 घरं आणि 1,263 मृत्यू, म्हणजे दहा हजार घरांमागे 315. दुसरीची 26,107 घरं, 98 मृत्यू, दर 37. तिसरी ओळ उरलेल्या लंडनची: 2,56,423 घरं, 1,422 मृत्यू, दर 59. मास्तरांनी एवढंच सांगितलं की तक्ता स्वतः मांडा आणि शंका लिहून आणा. प्रत्येकाने एकट्याने.

बसलो मांडायला. पहिल्या दोन ओळी बरोबर आल्या. तिसऱ्या ओळीत 59 काही येईना, 55 येत होते. पुन्हा केलं, पुन्हा 55. दुसऱ्या दिवशी कळलं की ते छापील तक्त्यातच तसं आहे. पण तोवर मी आणखी एका गोष्टीशी अडलो होतो: छेदस्थानी माणसं नाहीत, घरं आहेत. एका कंपनीच्या घरांत माणसं जास्त दाटीने राहत असतील तर? गरीब वस्तीत कुठली कंपनी जास्त? नळ शेजारशेजारी होते, म्हणजे पाणी सोडून घरांत फारसा फरक नव्हता, हे इतकं महत्त्वाचं का, याचा उलगडा मला तिथे, त्या छेदाशी झगडताना झाला. वर्गात कुणी सांगितलं असतं तर मान डोलावली असती आणि विसरलो असतो.

आता, पंपाची चर्चा कमी मोलाची होती असं मी म्हणणार नाही. आरोग्य खात्यात ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या कामाची तीच आहे. आणि हा वाद आजचा नाही. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण कसं असावं यावरच्या 1915 च्या वेल्च-रोज अहवालातच ही ओढाताण दिसते: रॉकफेलर फाउंडेशनच्या विक्लिफ रोज यांना फील्डवर काम करणारे आरोग्य अधिकारी घडवायचे होते, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विल्यम वेल्च यांना जर्मन धर्तीची संशोधन संस्था हवी होती. 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं सार्वजनिक आरोग्याचं जे स्कूल निघालं त्याच्यावर वेल्च यांचीच छाप जास्त पडली. आजचा एमपीएच हा साधारण रोज यांच्या बाजूचा आणि एमएससी वेल्च यांच्या बाजूची, असं ढोबळपणे म्हणता येईल.

तर मग माझं पारडं कशाने झुकलं? एका कटकटीने. ग्रुप प्रोजेक्ट.

एमपीएचच्या कोर्सांत ग्रुप प्रोजेक्ट असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती असतात आणि किती गुण त्यांवर असतात हे प्रवेश घेताना कुणी विचारत नाही. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये एक होताच. ठरलेला साचा: पाच जणांचा गट, एखादा समाजगट निवडायचा, त्याचा एक आरोग्यप्रश्न घ्यायचा, त्यावर कार्यक्रम आखायचा, लॉजिक मॉडेलच्या (कार्यक्रमातल्या कुठल्या कामाने कुठला परिणाम होईल हे दाखवणाऱ्या आकृतीच्या) चौकटी भरायच्या, मूल्यमापनाचा आराखडा जोडायचा आणि शेवटी सादरीकरण. आदल्या रात्री सामाईक फाइल उघडावी तर पाच रंगांचे कर्सर एकाच पानावर पळतायत, त्यातले दोन फक्त फॉन्ट जुळवतायत.

लोक तक्रार करतात ती फुकट्यांची, की दोघं राबतात आणि तिघं नाव लावतात. माझी तक्रार ती नाही. माझ्या गटातली मंडळी कामसू होती. खरा घोळ तिथेच आहे. गटातल्या एकीला स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर येत होतं. ती म्हणाली, "अ‍ॅनालिसिस माझ्याकडे." सगळ्यांनी हुश्श केलं. एक जण डॉक्टर, आजाराची माहिती त्याच्याकडे. एकाच्या स्लाइड देखण्या व्हायच्या. आणि मी आधी लिखाणाचं काम केलेलं, त्यामुळे प्रस्तावना आणि संदर्भसाहित्याचा आढावा माझ्या गळ्यात. पुढच्या कोर्सला नवा गट, पण वाटणी तीच. कुणी कुणावर लादत नव्हतं, मुदत जवळ आली की ज्याला जे येतं ते त्याने करावं हेच शहाणपणाचं ठरतं. गुणही चांगले पडायचे. सेमिस्टर संपलं तेव्हा मी आधीपेक्षा थोड्या बऱ्या प्रस्तावना लिहू शकत होतो. आणि मी तिथे गेलो होतो रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती परिणाम हे आकड्यांतून काढायची पद्धत) शिकायला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: नोकरीतही टीममध्येच काम करायचंय, त्याची सवय नको का? हवी. पण नोकरीतल्या टीममध्ये आकडेवारीवाला त्यात मुरलेला असतो, फील्डवाला मुरलेला असतो. इथे पाचही जण शिकाऊ. तिथली वाटणी कामासाठी असते, इथे वाटणी झाली की शिकणंच वाटलं जातं. कदाचित आमच्या इथे हे जरा जास्त असेल. गटात भूमिका आलटूनपालटून घ्यायला लावणारे शिक्षकही असतात म्हणे, तसं असेल तर माझी अर्धी तक्रार गळून पडते.

एमएससीच्या कोर्सांत गृहपाठ एकट्याचा असायचा आणि उत्तरासोबत कोडची फाइल द्यावी लागायची. मास्तर ती आपल्या संगणकावर चालवून बघायचे, चालली नाही तर तशीच परत. कच्च्या डेटात वयाच्या रकान्यात 99 असायचा आणि तो म्हातारा माणूस आहे की "माहीत नाही" याचा कोड, हे माहितीकोशात जाऊन आपणच बघायचं. एमपीएचच्या कोर्सला तसलाच डेटा स्वच्छ होऊन यायचा. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण माझ्यासारख्याला हाताला धरून कुणी इथवर आणलं नसतं, ढकलावंच लागलं असतं.

हे झालं माझ्या बाजूचं. एमएससीची दुखणीही सांगायला हवीत.

पहिलं, सगळी भिस्त प्रबंधावर आणि गाईडवर. गाईड बरा मिळाला तर सोनं. नाहीतर मेलच्या उत्तराची वाट बघण्यात महिने जातात. ब्रिटिश पद्धतीच्या एका वर्षाच्या मास्टर्सला हे जास्त बोचतं, कारण प्रबंधाला शेवटचे तीनेक महिने मिळतात आणि स्वतः माहिती गोळा करायची म्हटली तर एथिक्स कमिटीची परवानगी त्यातलाच वेळ खाते. म्हणून बहुतेक जण आधीच जमवलेल्या डेटावर काम करतात. त्यात गैर काही नाही, पण माणसांना न भेटता माणसांच्या आरोग्यावर पदवी मिळते, हे थोडं उंटावरून शेळ्या हाकण्यासारखं होतं.

दुसरं, अंदाजपत्रक, मनुष्यबळ, संवाद, धोरण यांत एमएससीवाला कच्चा राहतो. जोखमीचं गुणोत्तर तीन दशांशांपर्यंत सांगेल, पण लसीकरणाची शीतसाखळी कुठे तुटते हे त्याला फील्डवर जाऊनच शिकावं लागेल. एमपीएचमध्ये निदान प्रॅक्टिकम असतो, कुठल्यातरी संस्थेत जाऊन खरं काम करावं लागतं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीईपीएच या संस्थेच्या निकषांत विद्यार्थ्याने अशा कामातून निदान दोन गोष्टी प्रत्यक्ष तयार करून दाखवाव्यात अशी अट आहे. अट चांगली आहे. मात्र प्रॅक्टिकमची जागा संस्था मिळवून देते की तुम्हालाच दारोदार फिरावं लागतं, हे आधी विचारून घ्या. यात संस्थासंस्थांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

याच सीईपीएचची मान्यता असलेल्या एमपीएचला किमान 42 सेमिस्टर क्रेडिट लागतात आणि पायाभूत क्षमतांची यादी 22 कलमांची आहे. 42 क्रेडिटमध्ये 22 क्षमता, शिवाय निवडलेल्या शाखेच्या वेगळ्या. हे गणित बघितलं की कळतं, इथे रुंदी ठरवून दिलेली आहे, खोली तुम्हाला चोरट्या वेळात काढायची आहे. ज्याला रुंदीच हवी आहे त्याला हा गुण वाटेल.

नोकरीचं म्हणाल तर माझ्या मते यावरून फार डोकं पिकवू नये. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या जाहिरातींत बहुधा "सार्वजनिक आरोग्य, एपिडेमिऑलॉजी किंवा संबंधित विषयातली उच्च पदवी" असंच लिहिलेलं असतं, दोन्ही चालतात. एमपीएच हे नाव जास्त ओळखीचं आहे एवढं खरं. एमएससी म्हटलं की "कशातली?" हा प्रश्न येतोच. पीएचडीचा विचार असेल तर प्रबंध हाताशी असणं उपयोगी पडतं. एमपीएच करूनही पीएचडीला जाता येतं, जातातही.

आणखी एक मधला मार्ग आहे: एपिडेमिऑलॉजी ही शाखा घेऊन एमपीएच. कागदावर दोन्हींचा मेळ. माझ्या ओळखीत तो घेऊन समाधानी असलेले आहेत. मी घेतला नाही, कारण शाखेचे कोर्स सुरू व्हायच्या आधी सामाईक कोर्सांची रांग होती, आणि त्या प्रत्येकात गट होता.

डॉक्टर, नर्स किंवा आधीपासून आरोग्य कार्यक्रमांत काम करणारे असाल, परतून तिथेच वरच्या जबाबदारीवर जायचं असेल, तर मी एमपीएचकडेच बोट दाखवेन. तुमच्याकडे फील्ड आहेच, आकडेवारी वाचता आली म्हणजे झालं, ती स्वतः काढायची गरज क्वचित पडेल. गटातही तुम्ही बाकीच्यांना बरंच देऊन जाल. पण आकड्यांची भीती घालवण्यासाठी म्हणून या क्षेत्रात येत असाल, आणि आपल्याला सोपं जमतं तिकडे सरकायची सवय असेल, तर एमएससी बघा. थोडी निर्दय आहे, पण तिथे आपल्या वाटचं रिग्रेशन दुसरं कुणी चालवून देत नाही.

ठरवण्याआधी एक काम मात्र करा. दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाच्या मुख्य कोर्सांचे सविस्तर आराखडे मागवा, विषयांची यादी नको, गुणांची विभागणी असलेला कागद हवा. त्यात गटकामाला किती टक्के आणि एकट्याच्या कामाला किती, याची बेरीज करा. मग तिथल्या एखाद्या चालू विद्यार्थ्याला मेल टाका आणि विचारा की मागच्या प्रोजेक्टमध्ये विश्लेषण कुणी केलं. "आम्ही सगळ्यांनी मिळून" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: कोड कुणाच्या संगणकावर आहे?