विशनसरला दोन रात्री: काश्मीरच्या तळ्यांवर नेणाऱ्या एका स्थानिक गटाबद्दल

सोनमर्गहून खिंडी ओलांडत, एकेका तळ्यावरून नारानागला उतरणारा काश्मीर ग्रेट लेक्सचा ट्रेक करायचं आमचं ठरलं, तेव्हा घरात आयोजकांच्या माहितीपत्रकांचा ढीग जमला. तंबू सगळ्यांचे सारखेच, फोटोतली तळीही तीच. फरक दिसला तो फक्त दिवसांच्या आखणीत. सोनमर्गच्या एका स्थानिक गटाने विशनसर तळ्याकाठी दोन रात्री ठेवल्या होत्या, बाकीच्यांनी तिथे एक रात्र काढून दुसऱ्याच सकाळी गडसर खिंडीची चढण लावली होती. त्या जादा दिवसापोटी या गटाचा दर माणशी दीड-दोन हजारांनी जास्त होता. आम्ही तोच गट निवडला. २०२३च्या ऑगस्टमध्ये जाऊन आलो. पुन्हा जायचं झालं, तर त्यांच्याचबरोबर जाईन.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. त्यामुळे ट्रेकचा विचार करताना माझी नजर आधी उंचीच्या आकड्यांकडे जाते. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याच्या जवळपास उभे असता, आणि खरी चढण अजून सुरूही झालेली नसते. सोनमर्ग २,७०० मीटरच्या वर. तिथून निछनईचा मुक्काम साधारण साडेतीन हजारांवर, पुढे निछनई खिंड चार हजारांच्या थोडी वर, विशनसर ३,७०० च्या आसपास आणि गडसर खिंड सुमारे ४,२००. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. ट्रेकर कितीही काटक असला, तरी शरीराला या बदलासाठी वेळ द्यावाच लागतो. डॉक्टरांचा सर्वसाधारण दंडक असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हा दंडक समोर ठेवून पत्रकं वाचली, की निम्मी आपोआप बाजूला पडतात.

मी फोनवर एक मागणी केली: सोनमर्गलाही एक रात्र वाढवून द्या, कारण तिथून निछनईची उडी मोठी आहे. पलीकडच्या माणसाने घासाघीस केली नाही. "बाजी, पैसे फक्त जेवणाचे द्या, तंबू तर लागलेलेच आहेत," म्हणाला. त्या दिवशी आम्ही सोनमर्गच्या वरच्या कुरणापर्यंत जाऊन आलो आणि मुक्कामाला पुन्हा खाली उतरलो. तरुण मंडळींना कंटाळा आला. पुतणी म्हणाली, "काकू, आपण फिरायला आलोय की दवाखान्यात?" पण निछनईच्या पहिल्या रात्री आमच्यातल्या कुणाचंही डोकं धरलं नाही, हे तिनेच दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

आता प्रथमोपचाराच्या पेटीबद्दल. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण जेवण आणि तंबूंबद्दल सगळेच लिहितात, ही पेटी मात्र कुणी उघडायला लावत नाही. मी सोनमर्गलाच गाइडला म्हटलं, "भाईजान, जरा पेटी दाखवा." त्याने लगेच उघडली. आत अ‍ॅसिटाझोलामाइड होतं (आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो), मेंदूला सूज आली तर द्यायचं डेक्सामेथासोन होतं, फुप्फुसात पाणी झालं तर द्यायचं निफेडिपिन होतं. ओआरएसची पाकिटं, बँडेज, भाजल्यावरचं मलमही होतं. गाइडला कुठलं औषध कशासाठी ते नीट ठाऊक होतं आणि कुठलं आपण स्वतःच्या मनाने द्यायचं नाही हेही. एकच गोष्ट खटकली. बऱ्याच गोळ्यांच्या पट्ट्या कापलेल्या होत्या आणि मुदतीची तारीख असलेला तुकडाच गायब होता. तारीख नसलेली गोळी मी दुकानात कुणाच्या हातावर ठेवत नाही, मग डोंगरात कशी चालेल? तसं सांगितल्यावर त्याने चिठ्ठी लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी श्रीनगरहून येणाऱ्या गाडीतून पूर्ण पट्ट्या मागवल्या. जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी पाहावंच.

ऑक्सिजनचंही तसंच. काही आयोजक हातात मावणारे हलके कॅन दाखवून "ऑक्सिजन आहे" म्हणतात. त्यांत काही लिटरच वायू असतो, तो मिनिटांत संपतो. या गटाकडे लोखंडी सिलिंडर होता, वर दाबाचा काटा, नळी आणि मास्क. हिशोब सोपा आहे: पाच लिटर क्षमतेचा सिलिंडर १५० बार दाबाने भरलेला असेल, तर आत सुमारे ७५० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर सोडला, तर तो सहा तास पुरतो. आजारी माणसाला खाली न्यायला सुरुवात करण्यापुरता तो आधार आहे. काटा भरलेल्या बाजूला होता, तोही मी पाहून घेतला.

डायमॉक्सबद्दल दुकानात नेहमी विचारतात म्हणून इथेच लिहिते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. त्याने लघवीला जास्त होतं, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं नाही. आणि गोळी चालू आहे म्हणून डोकेदुखी अंगावर काढत वर चढायचं, हे तर अजिबात करायचं नाही.

त्या जादा रात्रीची खरी किंमत विशनसरला कळली. निछनई खिंड उतरून आम्ही तळ्याकाठी पोहोचलो, तेव्हा माझे दीर गप्प झाले होते. एरवी सगळ्यांना हसवणारा माणूस. जेवायला बसले आणि ताट सरकवलं. गाइडने ते लांबून पाहिलं आणि स्वतःच उठून आला. डोकं कुठे दुखतं, मळमळतं का, चालताना तोल जातो का, एकेक विचारलं. बोटाला ऑक्सिमीटर लावण्याआधी त्याने त्यांचे हात गरम पाण्याच्या बाटलीवर धरायला लावले, कारण गारठलेल्या बोटावर आकडा खोटा कमी दिसतो. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना कितीदा सांगते! आकडा त्या उंचीला साजेसाच होता. तरी त्याने तंबूत येऊन सांगितलं, "सर का सिर ठीक नहीं हुआ, तो परसों भी हम नहीं चढ़ेंगे. बाकी ग्रुप दूसरे गाइड के साथ जाएगा." आवाजात चिडचिड नव्हती, कुणाला अपराधी वाटेल असा एक शब्द नव्हता. दिरांनी "वहिनी, मला उगाच थांबवताय" म्हणून पाहिलं, पण गाइड हलला नाही.

दुसरा दिवस विश्रांतीचा होताच. दीर दुपारपर्यंत झोपले, मग खिचडी मागून घेतली. संध्याकाळी डोकं उतरलं. एका रात्रीच्या आखणीत त्याच सकाळी त्यांना ४,२०० मीटरची खिंड चढायला लागली असती, आणि विशनसरच्या एका अंगाला निछनई, दुसऱ्या अंगाला गडसर. कुठूनही बाहेर पडायचं तरी आधी खिंडच चढायची. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पैसे कमी-जास्त द्या, तंबू जुने असू द्या, पण ही एक रात्र मागून घ्या.

बाकीचे आम्ही त्या दिवशी शेजारच्या किशनसर तळ्यापर्यंत सावकाश चालत गेलो. काठावर बकरवालांच्या, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळांच्या, मेंढ्या होत्या, त्यांची राखण करणारे दांडगे कुत्रे होते (त्यांच्या कळपाच्या मधून चालू नका, बाजूने जा). विशनसरच्या स्वच्छ पाण्यात ट्राउट स्पष्ट दिसतात. इंग्रजांनी १९००च्या सुमारास हे मासे काश्मीरच्या पाण्यात आणले. गळ टाकायचा तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि आमच्या लोकांनी विनापरवाना मासे धरायला चक्क नकार दिला. मला त्याचा फार आनंद झाला.

गडसर खिंड अंगावर येते. वाट अरुंद आणि उभी, घोडे येताना डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. पण माथ्यावर पोहोचून मागे वळलं, की किशनसर आणि विशनसर एकाखाली एक, एक गडद आणि एक हिरवट, एकाच नजरेत दिसतात. मी सह्याद्रीत उभा जन्म फिरले आहे, असं पाणी पाहिलं नव्हतं. पलीकडे उतरताना गडसर तळ्यापर्यंत फुलंच फुलं. गाइडने इथे कुणालाही घाई केली नाही, हे मुद्दाम नोंदवते. पुढे लष्कराच्या चौकीवर नावं आणि ओळखपत्रं तपासतात. मूळ आधार कार्ड खिशात हवं, झेरॉक्सवर विसंबू नका. गटाने सगळ्यांची यादी आधीच तयार ठेवली होती, त्यामुळे आमचा खोळंबा झाला नाही.

जेवण उत्तम. हाक म्हणजे त्यांची पालेभाजी, राजमा, भात, आणि पहाटे मिठाचा नून चहा. तो सगळ्यांना आवडेल असं नाही, मला आवडला. आम्ही नेलेलं जयसिंगपूरचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी आचाऱ्याने इतक्या कौतुकाने चाखली, की गडसरला त्याने भातावर चटणी घालून सगळ्यांना वाढली. सातसरला मात्र नाश्त्याला नुसता ब्रेड-जाम होता. त्या दिवशी मोठमोठ्या दगडांवरून चालायचं, मग झज खिंड चढायची. तिथे पोटभर काहीतरी हवं होतं. तसं मी बोललेही.

दोन तक्रारी आहेत. एका घोड्याच्या पाठीवर खोगिराने जखम झाली होती आणि तरी त्याच्यावर ओझं होतं. मी मुक्कामावर विषय काढला, ओझं दुसऱ्या घोड्यांवर वाटलं गेलं, पण ते निघण्यापूर्वीच त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. दुसरी, गंगबल तळ्याकाठी शौचालयाचा तंबू पाण्याच्या फार जवळ लावला होता. गंगबल हे काश्मिरी पंडितांचं तीर्थ आहे, अस्थिविसर्जनासाठी लोक तिथे येतात. आणि तीर्थ नसतं तरी खालची गावं तेच पाणी पितात. सांगितल्यावर तंबू हलवला. कचऱ्याच्या बाबतीत मात्र चोख होते. सगळं प्लास्टिक पोत्यात भरून नारानागपर्यंत खाली आणलं.

गंगबल आणि नुंदकोलच्या डोक्यावर ५,१४२ मीटरचा हरमुख उभा आहे. १८५६ साली सर्वेक्षक मॉन्टगोमेरीने याच डोंगरावरून लांबवरची काराकोरमची शिखरं टिपली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. के-२ हे नाव जगाला तिथून मिळालं. गाइडला ही गोष्ट माहीत नव्हती. ऐकल्यावर त्याने ती आमच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतली, पुढच्या लोकांना सांगायला.

तयारीचं विचाराल तर आमच्या बाजूच्या लोकांना पन्हाळा ते पावनखिंड ही पावसातली वाट उत्तम. चिखल, ओले बूट, पाठीवर पिशवी आणि सलग दुसऱ्या दिवशी पुन्हा चालणं, याचा सराव तिथे होतो. पुणेकरांनी सिंहगड नुसता चढू नये, पायीच उतरावाही, कारण शेवटच्या दिवशी गंगबलहून नारानागला हजाराहून जास्त मीटरची उतरण आहे आणि ती गुडघ्यांची परीक्षा घेते. दोन काठ्या घ्याच. नारानागला पोहोचल्यावर गाडीत बसायची घाई करू नका. काश्मीरचा राजा ललितादित्य याच्या काळातली, आठव्या शतकातली दगडी मंदिरं रस्त्यालगतच आहेत. आमच्या चालकाला गटाने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याने तासभर हसतमुखाने वाट पाहिली.

बुकिंग करण्याआधी काही गोष्टी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि ट्रेकवर बहुतेक ठिकाणी तेही नसतं. घरच्यांना तसं सांगून निघा. अमरनाथ यात्रा चालू असताना श्रीनगर-सोनमर्ग रस्त्यावर ताफ्यांमुळे वाहनं थांबवतात, कारण यात्रेच्या तळाला, बालतालला, जाणारी वाट तीच. म्हणून परतीचं विमान ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आहे, पण ताफ्यांचा नियम त्याने बदलत नाही. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर परवानगीचा प्रश्न पहिला झाला आहे. तुम्ही जाणार त्या हंगामात ट्रेकला परवानगी आहे का, हे आयोजकाकडून लेखी घ्या, आणि प्रशासनाने वाट बंद केली तर पूर्ण पैसे परत मिळतील का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. आमच्या गटाच्या करारात ते कलम होतं, तरी मी सही करण्यापूर्वी "पूर्ण" हा शब्द वाढवून घेतला.