क्रूझवरून उतरल्यावर: जहाजाची सहल घ्यावी की डोंगर आणि समुद्र स्वतः गाठावा?

क्रूझचं बुकिंग झालं की जहाज कंपनी शोअर एक्सकर्शनची, म्हणजे बंदरात उतरून करायच्या सहलींची, यादी पाठवते. माणशी दर पाहिला की घरात प्रश्न निघतोच: एवढे पैसे कशाला, आपलं आपण जाऊ की! सगळ्या बंदरांना आणि सगळ्या बेतांना लागू पडेल असं एक उत्तर याला नाही. आमचं मत असं. डोंगर चढायचा असेल तर बहुतेक ठिकाणी स्वतः जावं. स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं पाहण्यासाठी) किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येत असेल आणि तिथे जीवरक्षक असेल, तर स्वतः जावं. प्रवाळापर्यंत बोटीनं जावं लागत असेल, तर जहाजाची सहल घ्यावी, पैसे जास्त गेले तरी.

कारण वेळेचं आहे. जहाजानं विकलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा त्या प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदराचं विमानभाडं त्याच्या खिशातून जातं. डोंगरावरून परतायची वेळ आपल्या पायांच्या हातात असते, अर्ध्या वाटेतूनही वळता येतं. दुसऱ्याच्या बोटीत बसलो की इंजिन, लाटा आणि बाकीचे वीस प्रवासी ठरवतील तेव्हाच परत.

आठ ते पाच म्हणजे किती तास?

समजा बंदरातला मुक्काम सकाळी आठ ते संध्याकाळी पाच आहे. खाली उतरायला साडेआठ होतात. ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची, वेळ बहुतेकदा सुटण्याच्या अर्धा तास आधीची, म्हणजे साडेचार. त्याआधी दीड तास हाताशी राखून ठेवा: तीनला बंदराच्या फाटकावर. उरले साडेसहा तास, त्यातून टॅक्सीचं जाणं-येणं वजा. जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकून छोट्या टेंडर बोटींनी उतरवत असेल, तर आणखी तासभर कापा. पहिल्या टेंडरमध्ये आधी कंपनीच्या सहलींची माणसं बसतात, स्वतंत्र जाणाऱ्यांना टोकन घेऊन थांबावं लागतं. लाटा वाढल्या तर टेंडर बंद होऊन बंदरच रद्द होतं. तेव्हा जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या बोटवाल्याचे मिळतील की नाही, हे त्याच्या अटी ठरवतात.

सिंगापूरहून जाणाऱ्या जहाजावर थायलंडच्या फुकेतला यात एक खास खाच आहे. थायलंडचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे. जहाज सिंगापूरच्याच वेळेवर राहिलं, तर किनाऱ्यावर मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो: मोबाइलमध्ये साडेतीन, जहाजावर साडेचार. जहाजाची वेळ लावलेलं साधं मनगटी घड्याळ हातात ठेवा आणि त्या दिवशी मोबाइलकडे वेळेसाठी बघूच नका.

तीन क्रूझ, तीन उत्तरं

सोलापुरातून लोक प्रामुख्यानं तीन बेटसफरींचा विचार करतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठून लक्षद्वीप, सिंगापूरहून मलेशियाचं पेनांग आणि फुकेत, आणि मुलं अमेरिकेत असली, व्हिसा हातात असला, तर अमेरिकेची हवाई बेटं.

लक्षद्वीपला स्वतंत्र बेताचा विचार सोडून द्या. ही प्रवाळाची सपाट बेटं, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. चढायला डोंगरच नाही. प्रवेशाला परवाना लागतो, जहाज प्रवाळकड्याबाहेर थांबतं आणि लगूनमध्ये, म्हणजे कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, छोट्या बोटींनी नेतात. इथे सहल क्रूझबरोबरच घ्यावी. त्या बदल्यात मिळतं ते पाणी मात्र तिन्हींत नवशिक्यासाठी सगळ्यांत सोपं: उथळ, शांत, तळ दिसणारं. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली प्रवाळ संरक्षित आहेत. मेलेला तुकडा नेणं हाही गुन्हाच.

पेनांग नेमकं उलट. आजूबाजूचं पाणी गढूळ, स्नॉर्केलिंगसाठी दूरच्या पुलाऊ पायार बेटाला बोटीनं जावं लागतं; क्रूझच्या दिवसात तो बेत नकोच. पण पेनांग हिल, 833 मीटर, स्वतः जाणाऱ्यासाठी इतका सोयीचा डोंगर क्वचित मिळतो. बोटॅनिकल गार्डनपासून वर जाणारा जीपचा डांबरी रस्ता सुमारे पाच किलोमीटरचा, चढ सातशे मीटरच्या आसपास. सपाटीचे पाच किलोमीटर एक तास, दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा गिर्यारोहकांचा जुना हिशोब धरला तर सव्वादोन तास होतात. दमट हवेसाठी त्यात निम्मे मिळवा: सव्वातीन. नऊला चालायला लागलात तर सव्वाबाराला माथा. उतरायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी डोंगरी रेल्वे आहे, म्हणजे गुडघे वाचतात आणि वेळही. ती एअर इताम भागात उतरवते, बोटॅनिकल गार्डनला नाही. परतीची टॅक्सी तिथून करा किंवा 204 क्रमांकाची बस पकडा. शनिवार-रविवारी फ्युनिक्युलरची रांग लांबते, त्यासाठी तासभर राखा. अकरापर्यंत चढ सुरू झाला नाही, तर वर-खाली दोन्ही रेल्वेनंच करा.

फुकेतला पाणी बरं आहे, पण चांगल्या जागा बोटीच्या अंतरावर आणि जहाजं बहुधा पाटोंगसमोर नांगर टाकून टेंडरनं उतरवतात. टेंडर, बोट आणि एका तासाचा फरक, तिन्ही एकत्र आले की जहाजाचीच सहल. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. तेव्हा तिथे स्नॉर्केलिंग धरूच नका. सिंगापूरहून सुटून सिंगापूरलाच परतणाऱ्या या क्रूझसाठी सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा (एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा) आहे ना, हेही आधी पाहा.

हवाई मात्र स्वतः जाणाऱ्यांसाठीच. होनोलुलूहून निघणारी सात रात्रींची ‘प्राइड ऑफ अमेरिका’ ही क्रूझ माउई बेटाच्या काहुलुईला आणि कौआई बेटाच्या नाविलीविलीला रात्रभर थांबते. नाविलीविलीजवळच्या स्लीपिंग जायंट डोंगराची पूर्वेकडची वाट एका बाजूनं पावणेतीन किलोमीटर, चढ तीनशे मीटरच्या आसपास. अर्ध्या दिवसात आरामात होते, पावसानंतर मात्र चिखलानं निसरडी. हिलो बंदराहून ज्वालामुखी उद्यानातली किलाउएआ इकी ही पाच किलोमीटरची पायी फेरी, पण उद्यान बंदरापासून जवळपास पन्नास किलोमीटर. तिथे भाड्याची गाडी हवी. कोना हे टेंडरचं बंदर असूनही धक्क्याला लागूनच कामाकाहोनू ही लहानशी, आडोशाची चौपाटी आहे आणि आठ किलोमीटरवर काहालूऊ. तिथे उथळ पाणी, जीवरक्षक आणि भरपूर मासे. सकाळी जा, दुपारी वारा सुटतो.

एका बंदरात डोंगर आणि समुद्र दोन्ही कोंबू नका. दोघांनाही सकाळच लागते. रात्रभर मुक्काम असेल तिथेच दोन्ही जमतं.

सोलापूरकरांनी विशेष जपायचं

आपला उन्हाळा 43 अंशांचा, पण कोरडा. घाम येतो तसा उडतो. बेटावर 32 अंशांतही घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि “आपल्याला उन्हाची सवय आहे” म्हणणारा माणूसच आधी गळतो. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सोबत ओआरएसची पाकिटं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी वाटेवर उत्तम, पण उघडं अन्न आणि फळं अनेक बंदरांवर खाली नेऊ देत नाहीत. कंपनीचं बंद पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं. जाड टॉवेलऐवजी सुती पंचा घ्या, लवकर वाळतो.

पोहणं विहिरीत शिकलेल्यांचा दम चांगला असतो, पण विहिरीला काठ असतो आणि ओढ नसते. निघण्याआधी महिनाभर जलतरण तलावात मास्क-स्नॉर्केल लावून पालथं तरंगायचा सराव करा. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशा असल्या तर तिथून पाणी झिरपतं. सिलिकॉनच्या मास्कखाली मिशांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावा. काचेला आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळा, वाफ धरत नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मागवा. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क टाळा: घाईच्या वेळी साध्या स्नॉर्केलची नळी तोंडातून थुंकून टाकता येते, हा मास्क पटकन निघत नाही.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच पाण्यात उतरावं. स्नॉर्केलच्या नळीतून श्वास ओढायला जोर लागतो, आणि त्यात दमछाक झाली की काही जणांच्या फुप्फुसात पाणी साठू लागतं. असा माणूस ओरडत नाही, हात मारत नाही. नुसता ढिला पडतो. म्हणून पाय टेकतील तिथेच राहा, जोडीदार हाताच्या अंतरावर हवा, आणि धाप लागताच मास्क काढून उभं राहून बाहेर या. उतरण्याआधी दहा मिनिटं लाटा पाहा. जाताना ओढीच्या विरुद्ध पोहा, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच मदत करतं.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 2021 पासून बंदी आहे, थायलंडच्या सागरी उद्यानांतही ती चालत नाहीत.

पैशाचं गणित सोपं: सहल माणशी, टॅक्सी गाडीमागे. चौघं असाल तर स्वतः जाणं स्पष्ट स्वस्त पडतं. दोघांत फरक इतका कमी होतो की बंदर टेंडरचं असेल तर सहलच परवडते. प्रवास विम्यात स्नॉर्केलिंग वगळलेलं नाही ना, ते अटींत वाचा.

आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर ‘ऑल अबोर्ड’ची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो. त्याचा फोटो काढाच, शिवाय नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. रोमिंग बंद पडलं तरी टॅक्सीवाल्याच्या फोनवरून लावता येतो.