बँकेच्या ग्रामीण शाखेचे मॅनेजर होताय? आकड्यांची पद्धत की माणसांची?

दारव्हा, आर्णी, मंगरुळपीरकडे पहिल्यांदाच शाखा सांभाळायला निघालेल्यांपुढे दोन वाटा असतात. एक देवघेवीची: टार्गेट द्यायचं, रोज व्हॉट्सॲपवर आकडा मागायचा, झालं तर शाबासकी, नाही तर मेमो. दुसरीत साहेब आधी हाताखालचा माणूस ओळखतो, मग काम शिकवतो. नेतृत्वातला हाच फरक अमेरिकी अभ्यासक जेम्स बर्न्स यांनी 1978 मध्ये मांडला. दुसऱ्या वाटेला भावनिक बुद्धिमत्ता लागते, म्हणजे आपल्या नि समोरच्याच्या भावना ओळखून वागणं. गोडगोड बोलणं नव्हे.

मार्चमध्ये पहिली पद्धत सरस, यात वाद नाही. मुदतीत फेड झाली नाही तर शेतकऱ्याची व्याजसवलत जाते, तेव्हा लकडा लावावाच लागतो. माणसं जपणाऱ्या साहेबाच्या शाखेत वसुलीचा दौरा ‘उद्या जाऊ’वर राहतो, हेही खरं.

पण संध्याकाळी कॅश टॅली करताना पाचशे कमी भरले की फरक कळतो. मेमोवाल्या शाखेतला कॅशियर खिशातून भरतो नि गप्प बसतो. दुसरीकडे तो लगेच सांगतो, स्लिपा पुन्हा तपासल्या जातात. कर्जाचंही तसंच. आकड्याच्या धाकानं पीककर्जाचं नुसतं कागदोपत्री नवं-जुनं होतं, म्हणजे जुनं कर्ज फेडलेलं दाखवून लगेच नवं दिलेलं दाखवायचं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी अनुत्पादक कर्ज, होतं, पण नवं-जुनं केलं की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खरं चित्र उघडं पडेपर्यंत साहेबाची बहुतेक बदली झालेली असते!

जूनमध्ये सातबारा घेऊन रांगेतला शेतकरी खेकसतो, ‘सायेब, पेरनी झाल्यावर देता का पैसे?’ त्या क्षणी क्लार्क उलट खेकसतो की कागद बघतो, हे बरंचसं सकाळी साहेब त्याच्याशी कसा बोलला यावर ठरतं. परप्रांतातून आलेला नवा अधिकारी असेल तर आणखीच. त्याला वऱ्हाडी कळत नाही. शाखेतला जुना शिपाई मात्र गावागावातली घरं ओळखतो. या शिपायाला सोबत घ्यायचं साहेबाला सुचायला हवं.

शाखा तोट्यात आणि हाती एकच तिमाही असेल तर पहिली पद्धत धरा. दोन-तीन वर्षं काढायची असतील तर दुसरी, पण वसुलीचा वार पक्का ठेवून. आणि नवं-जुनं किती झालं विचारताना, त्यातला पैसा खरंच काउंटरवर आला किती, हेही विचारा.