चित्रांची वही की बोलणारा टॅबलेट?

कळव्याच्या वहिनींचा प्रश्न: "मुलगा पाच वर्षांचा झाला, बोलत नाही. काय घेऊ?" वहीतलं चित्राचं कार्ड दाखवून मूल हवं ते सांगतं; टॅबलेटवर चित्राला बोट लावलं की तो शब्द बोलतो. आमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून सांगते.

खर्चात वही जिंकते. घरचेच फोटो, लॅमिनेशन, वेल्क्रो, झालं. टॅबलेटला पैसे पडतात, पण आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो ॲप फुकट आहे आणि मराठीतही बोलतं.

टिकण्याचं म्हणाल तर कार्डं हरवतात. 'पाणी'चं आमचं तिसरं. टॅबलेटची बॅटरी नेमकी लोकलमध्ये मान टाकते.

खरा फरक आवाजाचा. कार्ड समोरच्याने बघावं लागतं. ठाण्याच्या तलावपाळीवर मी पाठमोरी उभी होते, मागून ऐकू आलं, "घरी जायचं." वळले तर लेकाचं बोट अजून स्क्रीनवरच.

मेहनत सारखीच: आपणही बोलताना चित्रांवर बोट ठेवायचं, महिनोन्महिने. (त्याच टॅबलेटवर कार्टून नको!) यंत्रामुळे बोलणं मागे पडतं ही भीती मात्र सोडा, संशोधनात तसं दिसलेलं नाही.

वस्तू फेकत असेल, बोट नेमकं टेकत नसेल तर आधी वही. शाळेत, अनोळखी माणसांत वावरायचं असेल तर टॅबलेट, आणि वही पिशवीत.