लहान घोड्यासाठी छोटा हत्ती किती कामाचा?

मिनिएचर घोडा खांद्यापाशी जेमतेम 34 इंच, वजन साधारण 100 किलो. तो जखमी झाला की मुंबईत हाकेला मिळणारी गाडी म्हणजे टाटा एस, आपला छोटा हत्ती. तो चालतो, पण नाक्यावर जसा उभा असतो तसा नाही.

मुख्य खोट पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची. साडेसातशे किलोच्या हिशेबाने बनलेली गाडी 100 किलोवर उसळते आणि प्रत्येक खड्डा थेट दुखऱ्या पायात जातो. शिवाय मागचा हौदा सुमारे 7 बाय 5 फूट. एवढ्या मोकळ्या जागेत तीन पायांवरचा घोडा वळणावर भेलकांडतो. दोन्हींवर उपाय एकच: वाळूच्या 30 किलोच्या दहा गोण्या. दोन्ही बाजूंना रचून घट्ट बांधा, मध्ये अडीच फुटांची गल्ली ठेवा, आतून जुन्या गाद्या लावा. खाली रबरी मॅट हवीच. ओला पत्रा म्हणजे घसरगुंडी. हौद्याच्या कडा फूटभरच असतात, म्हणून उंच जाळीची गाडीच ठरवा.

चढवताना उचलाउचल नको. फुटपाथ किंवा ओट्याला गाडी मागून लावली की उतार कमी होतो. चढायच्या फळीवर काथ्याची चटई खिळवा. पुढचा पाय मोडला असेल तर तोंड मागे, मागचा असेल तर पुढे. ब्रेक लागला की भार चांगल्या पायांवर येतो. (बहुतेक जण हेच उलटं करतात.) चढवण्याआधी दुखऱ्या पायाला भरपूर कापूस गुंडाळून, उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बांधा, जखमेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक देऊ नका, दुखणं दबलं की घोडा मोडक्या पायावर भार टाकतो. घोड्याचा दोर गाडीला बांधू नका, जाणत्या माणसाच्या हातात असू द्या.

खरा फरक ड्रायव्हरचा. घाईतला असेल तर गोण्याही फुकट. भाडं ठरवतानाच ‘दादा, स्पीडब्रेकरवर पहिला गिअर’ एवढं सांगा आणि थांबण्याचे पैसे आधीच कबूल करा.

परळच्या बाई साकरबाई या प्राण्यांच्या रुग्णालयात निघण्यापूर्वी फोन करा: घोडा आहे, कुठला पाय, उभा राहतोय का. पोचल्यावर फाळका लगेच उघडू नका. डॉक्टरांनी हौद्यातच पाहिलं तर उतरण्याआधी पट्टी सुधारता येते.